दुसऱ्याच्या तोंडचं वचन

देवीदास प्रचारकाच्या घरात एक नियम होता, आणि तो बायबलात कुठेही लिहिलेला नव्हता. रोज सकाळी डब्यातून आपलं वचन काढायचं, पण ते आपण वाचायचं नाही. समोरच्यानं वाचायचं.

डबा बिस्किटांचा होता, पत्र्याचा. मिशनची मडम विलायतेला परत गेली तेव्हा मागे राहिलेला. देवीदासनं बायबलातली वचनं बारीक अक्षरात लिहून, कागद विडीसारखे वळून त्यात भरून ठेवले होते. दवाखान्यातल्या जुन्या चिमट्यानं एक वळकटी उचलायची आणि समोरच्याच्या हातात द्यायची. नवऱ्याचं वचन बायको वाचणार, बायकोचं नवरा. मग दिवसभर त्याप्रमाणे वागायचं, निदान वागून पाहायचं. "आपलं वचन आपणच वाचलं की माणूस त्यात स्वतःला हवं तेच वाचतो," असं देवीदास म्हणायचा. त्याचं नाव देवीचं आणि चाकरी येशूची, म्हणून धामणगावच्या बाजारात त्याची थट्टा व्हायची. तोही हसायचा. नाव आईनं ठेवलं, चाकरी मी धरली, म्हणायचा.

त्या डब्यावर त्यांचा संसार चालला, असं म्हटलं तरी चालेल. 'तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये' हे वचन निघालं की माणिकबाई भांडण सकाळीच उरकून घ्यायची, कारण संध्याकाळी स्वयंपाकाची घाई. एकदा 'उद्याची चिंता करू नका' निघालं आणि देवीदास खुशाल दळण न आणता गप्पा मारत बसला. दुसऱ्या दिवशी माणिकबाईनं त्याच्या पुढ्यात रिकामं ताट ठेवलं. "उद्याची चिंता करू नका म्हटलंय," ती म्हणाली, "दळणाची करू नका असं कुठे म्हटलंय?" मूलबाळ नव्हतं. दोघंच एकमेकांना वाचून दाखवायची आणि एकमेकांवर लक्ष ठेवायची, कोण किती पाळतं ते.

एकसष्टच्या श्रावणात देवीदास तापानं गेला.

मिशनचा दवाखाना त्याआधीच बंद पडला होता, आणि दवाखान्याच्या आधारानं राहणारी चार ख्रिस्ती घरं अमरावती-नागपूरकडे निघून गेली होती. देवीदास तेवढा राहिला, कारण त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं. तो गेला तेव्हा नाल्याला पूर होता. अमरावतीहून पाळकसाहेब निघाले ते वाटेतच अडकले. घरामागच्या बौद्धवाड्यातल्या मोतीरामनं चार माणसं घेऊन खड्डा खणला आणि पेटी उतरवली. ती माणसं टोप्या काढून बाजूला उभी राहिली. त्यांना पुढचं काही माहीत नव्हतं. माणिकबाईनंच उतारा वाचला, प्रार्थनाही तिनंच केली, आणि मग गीत गायला सुरुवात केली. पण ते गीत दोघांचं होतं. एक ओळ तिची, दुसरी त्याची, आयुष्यभर तसंच गायलेलं. आपली ओळ झाली की ती सवयीनं थांबायची. दुसरी ओळ यायची नाही. मग ती पुढची म्हणायची. मोतीराम नंतर सांगायचा, की त्या बाईचं गाणं ऐकवत नव्हतं आणि निघून जाताही येत नव्हतं.

घरी आल्यावर तिनं दुसऱ्या सकाळी डबा उघडला. वळकटी काढली. हात पुढे केला, आणि समोर कुणी नव्हतं.

तिला वाचता येत नव्हतं असं नाही. मिशनच्या शाळेत शिकलेली बाई, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत बायबल तोंडपाठ म्हणावं असं. पण नियम तो नियम. तिनं ती वळकटी न उलगडता कोनाड्यात ठेवली. रोज एक काढायची आणि रोज कोनाड्यात ठेवायची. कोनाडा भरत चालला. देव रोज काहीतरी सांगत होता आणि ऐकवणारं कुणी नव्हतं. मला विचाराल तर एकटेपण म्हणजे हेच. घर रिकामं असणं माणूस सहन करतो, पण सकाळी पुढे केलेला हात कुणी धरत नाही याचं काय करायचं?

मागच्या अंगणाला पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा कूड होता. कुडाच्या पलीकडे चतुराबाई राहायची. हंगामात जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कपाशी निवडायला जायची, एरवी शेतात निंदणाला. नवरा मेलेला, मुलगा भुसावळला रेल्वेत लागलेला, तो दिवाळीलाही येईल का नाही याचा भरवसा नाही. छप्पन साली तिनं मोतीराम आणि वाड्यातल्या इतरांबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. घरातले देव परातीत घालून नाल्यात सोडले होते, आणि ही गोष्ट ती फार अभिमानानं सांगायची.

ती एका सकाळी कुडावरून डोकावली. माणिकबाई कोनाड्यासमोर नुसती उभी होती.

"काय करून राहिल्या, बाई? रोज पायतो मी. तुमी त्या भिताडाशी काय बोलता?"

माणिकबाईनं तिला डब्याचं सांगितलं. नियमाचंही सांगितलं. सांगता सांगता ती रडायला लागली. अशी ती कधी कुणासमोर रडत नसे.

चतुराबाई कूड वळसा घालून आत आली. पदराला हात पुसले. "आना इकडे," ती म्हणाली. "देव-बिव तं आमी सोडले. पन तुमच्या देवाचं वाचून द्याले काय जाते?"

"तुला वाचता येतं?"

दीक्षेनंतर वाड्यात रात्रीचा वर्ग निघाला होता. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, म्हणून सगळ्या बाया पाट्या घेऊन बसायच्या. चतुराबाई दोन वेळा गेली, जिनातून आल्यावर डोळे मिटायला लागले, आणि तिसऱ्यांदा गेलीच नाही. ही गोष्ट मात्र ती कुणाला सांगत नसे.

"येते की," ती म्हणाली.

तिनं वळकटी उलगडली आणि दूर धरली. माणिकबाईनं पाहिलं, तिचे डोळे कागदावरून सरकतच नव्हते. एका जागी खिळल्यासारखे होते. मग ते कागदावरून उठून माणिकबाईच्या चेहऱ्यावर आले आणि तिथेच थांबले.

"देव म्हनते," चतुराबाईनं वाचलं, "का उपाशी पोटी रडू नोको. आधी चाय पे."

बायबलात मध आहे, दूध आहे, द्राक्षारस आहे. चहा नाही. माणिकबाईला हे चांगलं माहीत होतं. तिनं चूल पेटवली आणि चहा केला. देवीदास गेल्यापासून सकाळचा चहा असा तिनं केलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी चतुराबाई आपणहून आली. त्या दिवशी देवानं डोक्याला तेल लावायला सांगितलं. मग पडवी सारवायला सांगितली. मग म्हणाला, आज बाजार आहे, घरात घुम्यासारखी बसू नोको, वांगे स्वस्त झाले. पाहता पाहता देव चांगला वऱ्हाडीत बोलायला लागला. माणिकबाई ऐकायची आणि तसं करायची. वळकटी पुन्हा वळून डब्यात टाकायची; कोनाड्यात साठलेल्याही तिनं डब्यात परत टाकल्या. खरं काय लिहिलं होतं ते तिला कधी कळलं नाही, कारण आपलं वचन आपण वाचायचं नाही.

तिला टोचत नव्हतं असं नाही. देवाच्या नावावर खोटं ऐकून घेणं हे पाप आहे की काय, असा विचार तिच्या मनात यायचा. मग सकाळ व्हायची, कुडापलीकडून चतुराबाईच्या बांगड्या वाजायच्या, आणि पापाचा विचार मागे पडायचा.

एकदा मात्र चतुराबाईनं कागद हातात घेऊन बराच वेळ घालवला. दाराशी देवीदासच्या चपला होत्या. तो गेला त्या दिवशी होत्या तशाच, बाहेर जायच्या दिशेनं.

"देव म्हनते," ती हळू वाचत होती, "का मेल्या मानसाच्या चपला दारात ठिवू नये. तो येत नाई, अन् आपन पायत बसतो."

माणिकबाई त्या दिवशी चहा न ठेवताच आत निघून गेली. चतुराबाईलाही वाटलं असावं आपण जास्त बोललो, कारण ती कुडाकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी माणिकबाईनं चपला पुसल्या आणि मोतीरामला नेऊन दिल्या. त्यानं खड्डा खणला होता. घरी येऊन ती पोटभर रडली, आणि मग कुडापाशी जाऊन म्हणाली, "चतुराबाई, आज वाचायला आली नाहीस."

नाताळानंतर पाळकसाहेब आले. चांगला माणूस, पण एसटीच्या वेळेवर डोळा ठेवून बोलणारा. त्यांनी मागल्या अंगणात खाटेवर बसून प्रार्थना केली आणि मग मुद्द्यावर आले. अकोल्याला ख्रिस्ती विधवांसाठी आश्रम होता, तिथे एक जागा रिकामी झाली होती.

"सकाळ-संध्याकाळ उपासना असते," ते म्हणाले. "शेजारी चर्च आहे. सगळ्या आपल्या बायका. गाणारं मंडळ आहे, तुमचा आवाज त्यांना फार उपयोगी पडेल. ईस्टरच्या आत मला कळवा, नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल."

माणिकबाईच्या मनात तेवढेच दोन शब्द राहिले. गाणारं मंडळ. आपली ओळ म्हणून थांबावं, आणि दुसरी ओळ यावी. रविवारी कुणाच्या तरी शेजारी बसावं. मरायची वेळ आली तर खड्ड्याशी उतारा वाचणारं कुणी असावं. धामणगावात ती मेली तर टोप्या काढून उभी राहणारी माणसं होती, गाणारं कुणी नव्हतं.

"इथे तुमचं आहे कोण, माणिकबाई?" पाळकसाहेबांनी विचारलं.

देवीदासची कबर आहे, असं तिला म्हणावंसं वाटलं, पण कबरीचं नाव घेऊन जिवंत माणसाला थोडंच राहता येतं? कुडापलीकडे भांडी घासण्याचा आवाज येत होता, तो मध्येच थांबला होता.

त्या रात्री तिनं काही ठरवलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिनं काही दिवस नुसते जाऊ दिले. चतुराबाई रोज यायची, देव रोज काही किरकोळ सांगायचा. मग एका सकाळी माणिकबाई म्हणाली, "चतुराबाई, आज मी अकोल्याचं मनात धरून वचन काढते. जे निघेल ते करीन. हे असते तर त्यांनी असंच केलं असतं."

तिनं चिमटा डब्यात घातला. वळकटी चतुराबाईच्या तळव्यावर ठेवली.

चतुराबाईनं ती उलगडली. पाहिली. माणिकबाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. चुलीवर पाणी उकळून खाली सांडलं तरी कुणी उठलं नाही.

"मले नाई वाचता येत," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"कवापासून?"

"चहापासून."

चतुराबाई खाली बसली. "मंग बोलल्या काऊन नाई?"

"बोलले असते तर तू उद्या आली असतीस का?"

चतुराबाईनं डोळ्यांना पदर लावला. "तेल लावा, चाय प्या, त्याच्यात मी माह्या मनचं घातलं. त्यात कोनाचं नुसकान नाई. पन हे मोठं हाय, बाई. जा म्हटलं तं माह्या जिवावर येते. राहा म्हटलं तं तुमच्या मानसातून तुमाले तोडल्यावानी होते. तुमच्या देवाच्या तोंडात मी एवढं मोठं कसं घालू?"

माणिकबाईनं तिच्या हातातला कागद घेतला. पालथाच घेतला, अक्षरं दिसू नयेत म्हणून. पुन्हा घट्ट वळला आणि कोनाड्यात ठेवला.

"तू शीक," ती म्हणाली. "मी शिकवते. वाचता आलं की तूच वाच. तोवर मी थांबते."

दुपारी जिन असायचं, म्हणून शिकणं सकाळी. माणिकबाई शहाबादी फरशीवर कोळशानं अक्षर काढायची, चतुराबाई बोटानं गिरवायची, मग दोघी मिळून फरशी पुसायच्या. चतुराबाई हट्टी होती. जिनातून येताना दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं ओळखत यायची आणि कुडावरून ओरडून सांगायची, आज 'क' दिसला, आज 'म' दिसला. माणिकबाई हसायची. पण संध्याकाळी एकटी असली की कोनाड्याकडे बघून तिला भीती वाटायची. ती दोन्ही बाजूंनी घाबरली होती. 'जा' निघालं तर काय, आणि निघालं नाही तर काय. रविवारी ती एकटीच गायची, प्रत्येक ओळीनंतर थांबून. अकोल्याच्या बायका तिनं कधी पाहिल्या नव्हत्या, तरी त्यांचे आवाज तिला ऐकू यायला लागले होते.

ईस्टर जवळ आला तसं ऊन तापायला लागलं. माणिकबाई एक दिवस तेल आणायला बाजारात निघाली होती. जिनाच्या फाटकाशी बायांचा घोळका होता. फाटकावर नोटीस लावली होती आणि मुकादम आत निघून गेला होता. बाया एकमेकींना विचारत होत्या, काय लिवलं हाय, काय लिवलं हाय.

"सरा बाजूले," चतुराबाईचा आवाज आला.

ती पुढे झाली आणि तिनं वाचलं. "हंगाम संपल्यामुळे जिन सोमवारपासून बंद राहील. कामगारांनी आपले पैसे शनिवारी दुपारनंतर घ्यावे." कुठे अडखळली नाही. 'संपल्यामुळे' आणि 'घ्यावे' हेही सरळ. एकीनं म्हटलं, "बापा, चतुराबाई मास्तरीन झाली." चतुराबाई कमरेवर हात ठेवून हसली. असं हसताना तिला माणिकबाईनं कधी पाहिलं नव्हतं. माणिकबाई रस्त्याकडेच्या लिंबाच्या आडूनच, तिला न दिसता परत फिरली. तेल राहिलंच.

त्या रात्री तिनं ट्रंक काढली. दोन लुगडी घडी घालून आत ठेवली, वर बायबल ठेवलं. उद्या कळणार होतं.

सकाळी चतुराबाई आली. माणिकबाईनं कोनाड्यातली वळकटी काढून तिच्या हातात दिली. "आज वाचशील?"

चतुराबाईनं कागद उलगडला. या वेळी तिचे डोळे हलले. माणिकबाई बघत होती. ते डावीकडून उजवीकडे गेले, खालच्या ओळीवर आले, पुन्हा डावीकडून उजवीकडे. ओठ हलत होते, आवाज नव्हता. शेवटाशी पोचून ते थांबले. मग चतुराबाईनं दाराशी ठेवलेली ट्रंक पाहिली. कागद वळायला लागली तेव्हा तिच्या बोटांना तो नीट वळता येत नव्हता.

"नाई लागत, बाई," ती म्हणाली. "लय बारीक लिवलं हाय तुमच्या मालकानं. मले अजून नाई जमत."

तिनं मान वर केली नाही.

पहिल्यांदा येत नव्हतं तेव्हा ही बाई येतं म्हणाली होती. आता येत होतं आणि येत नाही म्हणत होती. माणिकबाई तिच्याकडे बघत उभी राहिली. हात पुढे करून कागद घेता आला असता. आपणच उलगडून वाचता आला असता, अक्षरं तर देवीदासच्याच हातची होती. अकोल्याचं गाणारं मंडळ तिच्या कानात एकदा मोठ्यानं गायलं आणि थांबलं. ती दुसरी ओळ आता कधीच येणार नव्हती, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि फार वाईट वाटलं.

"राहू दे," ती म्हणाली. "सावकाश शीक. घाई नाही."

तिनं वळकटी कोनाड्यात ठेवली. ट्रंकेतून बायबल काढून टेबलावर ठेवलं, लुगडी दांडीवर टाकली. पाळकसाहेबांना काय सांगायचं ते तिनं ठरवून टाकलं, एक वचन अजून वाचून व्हायचं आहे.

चतुराबाई तशीच खाली मान घालून बसली होती. "आजचं काढा की," ती शेवटी म्हणाली.

माणिकबाईनं डब्यातून नवी वळकटी काढून तिच्या हातात दिली. चतुराबाईनं ती उलगडलीच नाही. मुठीत धरली.

"देव म्हनते," ती म्हणाली, "का चाय ठिवा. दोघीचा."